दगडू नांद्रेचा दगड

साक्रीकडच्या एसटीने आला,
मांडीवर पिशवी, पिशवीत जुन्या धडप्यात बांधलेला.
शिपायाला वाटलं, पेरू असतील.
माणसाचं नाव दगडू. हसू आवरत मी नोंद केली:
वजन एक किलो सहाशे चाळीस,
बाहेरून काळा, करपल्या भाकरीसारखा,
आतून राखाडी.
आजवरचा उपयोग: लोणच्याच्या बरणीवर दाब.

पडताना त्याच्या बापाने पाहिला होता,
भुईमूग उपटायच्या दिवसांत, भर दुपारी.
आधी आवाज की आधी धूळ,
यावर घरात अजून एकमत नाही.

मी दगडाच्या चकत्या करतो. एकतीस वर्षं झाली.
काचेवर कार्बोरंडमची पूड, चमचाभर पाणी,
आणि बोटाखाली दगड, मराठी आठ गिरवत राहायचा.
तीस मायक्रॉनवर आला की डोंगरसुद्धा
आपल्या पलीकडचं दिसू देतो.
लळिंगचा कातळ, गाळण्याचा, तोरणमाळचा,
सगळे इथून काच होऊन गेले.
माझ्या उजव्या अंगठ्याला आता ठसा नाही,
रेशनचं यंत्र मला ओळखत नाही.

हा निराळा वाजला.
मध्येच लोखंडाचे ठिपके, पुडीला दाद न देणारे,
आणि आरपार एक काळी शीर, शेवईहून बारीक.

म्हणजे पांझरा नव्हती, तापी नव्हती,
इथला लाव्हासुद्धा नव्हता, तेव्हा कधीतरी वर
दोन धोंडे एकमेकांवर आदळले,
आणि त्या शिरेपुरता दगड वितळला.

चकती नागपूरला गेली, तिथून कागद आला.
शिरेत एक कण, केसाच्या जाडीत तीनदा मावेल एवढा.
आलेखावर दोन जुळी शिखरं असायची तिथे एकच.
द्रव्य तेच: कॅल्शियम, फॉस्फरस, ऑक्सिजन,
चिमूटभर आणखी काही.
खताच्या गोणीत असतं ते,
दगडूच्या गुडघ्यात असतं ते, जिना चढताना कुरकुरणारं.
फक्त घडी वेगळी. तिला टुआइट म्हणतात.

दोन लाख वातावरणं एकदम अंगावर,
पापणी लवेल न लवेल इतकाच वेळ.
मग दाब गेला.
पण शीर इतक्या झटक्यात निवली
की कणाला उलगडायला सवडच मिळाली नाही.
घडी राहिली,
दाबणारं कुणी नसताना.
कागदाखाली पेनाने टीप होती:
लेझर बेताने लावा. फार तापला तर पूर्वरूपात जाईल.

उरलेला तुकडा न्यायला दगडू पुन्हा आला.
मी सांगितलं ते त्याने सगळं ऐकलं, बशीतला चहा निवेपर्यंत.
मग स्वतःचं सांगू लागला, कुणी न विचारता.
आधीचे दोघे पाळण्यातच गेले.
तिसरा झाला तेव्हा आईने त्याला उकिरड्यावर लोळवला,
पायलीभर ज्वारीवर सुईणीला विकला, परत घेतला,
आणि नाव ठेवलं दगडू,
मरणाने ढुंकून बघू नये म्हणून.
आई जाऊन चाळीस वर्षं झाली.
भीती तिची होती, तिच्याबरोबर गेली.
हाक मात्र तीच.

जिन्याच्या तोंडाशी थांबला, पिशवी छातीशी.
म्हणाला, "मंग आते बी दुखस का त्याले?"

एकतीस वर्षांत दगडाबद्दल मला
हे कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, चुलीपासून लांब ठेवा.
चुलीच्या आचेनं त्याला काही होत नाही, हे मला ठाऊक होतं.
त्यानं मान हलवली, कठडा धरला,
आणि एकेक पायरी, दुखरा गुडघा आधी टेकवत,
खाली उतरला.